मातृदिनी माता कोठे असते?

मातृदिन नेमका कोणता, ह्यावर आपल्यांत वाद होतात. मे महिन्याचा दुसरा रविवार अमेरिकेने १९१४ साली ठरविला. पोर्तुगाल मेचा पहिला रविवार पाळतो, ब्रिटन प्रायश्चित्तकाळातील चौथा. महाराष्ट्राचा जुना मातृदिन श्रावण अमावस्येचा. वाद घालणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे : त्या दिवशी माता असते कोठे?

चंद्रपूर-गडचिरोलीत मे हा तेंदूपानांचा हंगाम. पहाटेच जंगलात गेलेली आई उन्हे चढल्यावर परतते आणि पुडे बांधत बसते. चर्चमध्ये वाटलेले गुलाबाचे फूल तिच्यापर्यंत पोहोचणार कसे?

श्रावण अमावस्येला आपल्याकडे पोळा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू चढत नाही. त्याला पुरणपोळीचा घास मिळतो. ती पोळी मात्र आईच लाटते. बैलाला विसावा, मातेला चूल! मोशेच्या नियमशास्त्राने शब्बाथाचा विसावा बैलाला दिला, तसा दासीलाही दिला. आपण आईला तेवढाही देऊ नये काय?

म्हणून आम्ही म्हणतो, तिथी कोणतीही घ्या. पण त्या दिवशी पाणी मुलांनी भरावे, चूल बापाने पेटवावी आणि आईने आयते जेवावे. हे जमणार नसेल, तर गुलाबही नको नि भाषणही नको.