कंपनीने पॉवर दाबून ठेवलेली नाही!

मंडळी, अमरावतीत टर्बो गाडी घेऊन कुठल्याही गॅरेजसमोर उभे राहा. पाच मिनिटांत कोणीतरी बॉनेटकडे बोट दाखवून सांगणारच, "पॉवर कंपनीनंच दाबून ठेवली ना भाऊ! लॅपटॉप लावला का मोकळी होते." मग 'स्टेज वन' नावाची फाईल निघते. आणि हिंजवडीत नोकरी करणारा, दिवाळीला घरी आलेला आपला इंजिनियर, जो ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर एक ओळ कोड टाकायला घाबरतो, तो ही फाईल कोणी लिहिली, कुठे तपासली, काहीएक न विचारता स्वतःच्या इंजिनात टाकून घेतो. माझं भांडण रिमॅपशी नाही. या आंधळ्या श्रद्धेशी आहे.

या श्रद्धेचा सगळ्यात लाडका पुरावा म्हणजे फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल. रांजणगावात (आणि मारुतीसाठी मानेसरला) बनलेलं, स्विफ्ट, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांतून अर्ध्या महाराष्ट्राने चालवलेलं १२४८ सीसीचं इंजिन. एका गाडीत ७५ अश्वशक्ती, दुसरीत ९०. "इंजिन एकच, म्हणजे फरक सॉफ्टवेअरचा!" नाही हो राजेहो. ९० वाल्याचा टर्बोच वेगळा होता, पात्यांचा कोन बदलणारा, व्हेरिएबल जॉमेट्रीचा. ७५ वाल्यात साधा, स्थिर. लोखंड वेगळं होतं, आणि आपण वीस वर्षं कोडच्या नावाने गप्पा मारतोय.

आता खरं तेही सांगतो. कंपनी थोडा सैलपणा ठेवते, हे बरोबर आहे. पण कशासाठी? एकच गाडी लेहला विकायची असते आणि अकोल्यालाही. मालक एअर फिल्टर वेळेवर बदलणार नाही, ऑइल 'अजून चालते ना' म्हणत पुढे ढकलणार, कुठल्यातरी पंपावरचं कसलंही इंधन भरणार, हे सगळं गृहीत धरून तो सैलपणा ठेवलेला असतो. आपण सर्व्हरवर ८० टक्क्यांच्या वर लोड जाऊ देत नाही ना? तेव्हा उरलेले २० टक्के कोणी 'दाबून' ठेवले असं म्हणतो का?

अकोल्याचंच घ्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे हवामान खात्याने सांगायची गरज नाही. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूंवर टर्बोचं एक चाक फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा दाबली की तापते. ४५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर ती साधारण १४० अंशांपुढे जाते, बऱ्यापैकी चांगला टर्बो धरूनसुद्धा. पुढे इंटरकूलर तिला थंड करतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि बाहेरची हवाच ४५! शिवाय १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा तेवढ्याच दाबाला सुमारे ९ टक्के विरळ असते. म्हणजे युरोपात कोणीतरी ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर, थंड हवेत जुळवलेली फाईल आपण बोरगाव मंजूच्या दुपारी वापरायची.

मग काय होतं? ठिणगीची ज्वाळा पोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. सेन्सर शहाणा असतो, तो ठिणगी उशिरा टाकायला लावून इंजिन वाचवतो. म्हणजे तीस-पस्तीस हजार देऊन घेतलेली पॉवर दुपारी दोन वाजता कॉम्प्युटरच परत काढून घेतो (आणि तुम्ही 'आज गाडी जड वाटून राह्यली' म्हणून पेट्रोलपंपवाल्याला शिव्या देता). फाईलवाल्याने सेन्सरची मर्यादाच सैल केली असेल तर पिस्टनच्या नावाने आधीच नारळ फोडून ठेवा.

आणि इंजिन वाचलं तरी क्लचचं काय? चाकणला बनणाऱ्या व्हर्टसच्या १.५ लिटर इंजिनाचा टॉर्क मुळातच २५० न्यूटन मीटर आहे, आणि तिच्या ऑटोमॅटिकमधल्या सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्या पेटीची क्षमताही २५०. इथे शिल्लक शून्य! तरीही स्टेज वन विकणारे विकतात, घेणारे घेतात.

रस्ता झाला हे यामागचं खरं कारण, असं मला वाटतं. जून २०२२ मध्ये लोणी ते मानादरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनेस विक्रम झाला. (ते ७५ एका लेनचे बरं का. आपल्याकडे लगेच 'अख्खा अकोला रोड पाच दिवसांत बनवला' असं सुरू झालं.) रस्ता गुळगुळीत झाला, पण मूर्तिजापूरजवळ उलट्या बाजूने येणारा कापसाचा ट्रॅक्टर तोच आहे, त्याला मागचा दिवा नाही तो नाहीच. वेग १०० वरून १४० झाला की थांबवायची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. ब्रेक मात्र कंपनीचेच, टायर चार वर्षांपूर्वीचे. पॉवरवर पैसे घालणाऱ्या किती जणांनी आधी ब्रेक पॅड बदलले, विचारून पाहा.

करायचंच असेल तर आधी ब्रेक आणि टायर. मग ट्यूनरला सांगा, मे महिन्याच्या दुपारी गाडीत बस, लॅपटॉप चालू ठेव, आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि ठिणगी किती मागे घेतली जाते ते मला आकड्यांत दाखव. मूळ फाईलची प्रत आधी माझ्या हातात दे. याला तयार झाला तर माणूस कामाचा. "काही होत नाही भाऊ, शंभर गाड्या केल्या" म्हणाला तर चहा पिऊन परत या.

राहता राहिला कायदा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात नियमबाह्य फेरफाराला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय न कळवलेला बदल म्हणजे विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण. पण मला जास्त राग येतो तो डिझेलवाल्यांचा, जे रिमॅपसोबत धुराचा फिल्टरही काढून टाकतात. फोक्सवॅगनने सॉफ्टवेअरमध्ये चलाखी करून धूर लपवला, पुण्याच्या एआरएआयने तपासणी केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलवायची घोषणा झाली, तेव्हा हेच लोक "काय चोर कंपनी आहे" म्हणत होते. आता स्वतःच्या गाडीत तेच पैसे मोजून करून घेतात, आणि राजकमल चौकात सिग्नल सुटला की मागच्या स्कूटीवरची पोरगी ओढणीने तोंड झाकते.