सहेरीनंतरचं पान

सहेरी आटोपून फज्रची नमाज झाली, की जव्हारच्या त्या घरात पुन्हा निजानीज होते. मुलगा अंथरुणावर पडतो, सून भांडी पाण्यात टाकून तासभर पाठ टेकते, नातवंडं तर नीट उठलेलीच नसतात. जागी राहते ती एकटी नानी. वय पंचाहत्तरच्या पुढे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. खिडकीपाशी खुर्ची ओढून ती आधी कुरआनचा रोजचा पारा पुरा करते, कुरआन जुजदानात गुंडाळून वर ठेवते आणि मग उशीखालून दुसरं पुस्तक काढते. ते कधी उर्दू असतं, कधी मराठी. गेल्या आठवड्यात गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ होतं, तेही तिसऱ्यांदा. ‘यातली माणसं मी पाहिलेली आहेत,’ एवढंच कारण ती देते.

मोहल्ल्यात सगळे तिला नानीच म्हणतात, शेजारच्या हिंदू घरांतली पोरंसुद्धा. तिचं माहेर मोखाड्याकडचं. वडिलांचं किराण्याचं छोटं दुकान होतं. शाळा मराठी चौथीपर्यंत झाली, उर्दू आईनं घरी शिकवलं आणि कुरआन गल्लीतल्या एका उस्तानीकडे. पण खरं वाचन सुरू झालं ते दुकानात. पुड्या बांधायला रद्दी यायची, तिच्यात मराठी मासिकांची सुटी पानं असायची. गोष्टीचं पहिलं पान मिळालं तर शेवटचं नाही, शेवटचं मिळालं तर मधलं नाही. गूळ न्यायला आलेल्या बाईच्या हातातली पुडी सोडवून ‘थांबा, हे पान मला हवंय, दुसऱ्या कागदात बांधून देते’ असं म्हटल्याबद्दल तिनं वडिलांचा मार खाल्ला होता. ती हे हसत सांगते.

पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती जव्हारला आली. सासरी आठ माणसं आणि दोन खोल्या. सासू वाईट नव्हती, पण तिचं एक ठाम मत होतं, पुस्तक हातात धरणाऱ्या सुनेची डाळ करपते. आणि डाळ खरंच करपायची, हे नानी प्रामाणिकपणे कबूल करते. नवरा जंगल ठेकेदाराकडे मुनीम होता. लाकडाच्या व्यवहारासाठी मुंबईला गेला, की भेंडी बाजारातून इब्ने सफीची ‘जासूसी दुनिया’ आणायचा. बाबूराव अर्नाळकर मात्र जव्हारमध्येच कुणाकुणाकडून मिळायचे. कर्नल फरीदी आणि झुंजार एकाच फळीवर राहत. दोघांपैकी हुशार कोण, यावर नवराबायकोत वाद व्हायचा. त्या काळातल्या संसारात नवऱ्याशी वाद घालायला दुसरी कुठली जागा होती, असं ती वर विचारते.

जव्हारचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना पुस्तकं सांभाळण्याची गोष्ट सांगावी लागणार नाही. चार महिने भिंती पाझरतात, कपडे वाळत नाहीत, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी चढते. नानी पुस्तकं तांदळाच्या कणगीवर ठेवायची, चुलीच्या उबेला. आज तिची उर्दू पुस्तकं एका पत्र्याच्या पेटीत आहेत. पेटी उघडली की धुराचा आणि जुन्या तांदळाचा वास येतो. मुलगा मराठी शाळेत शिकला, नातवंडं इंग्रजी शाळेत. उर्दू लिपी घरात नानीशिवाय कुणाला येत नाही. ‘माझ्यामागे ही पेटी रद्दीत जाणार,’ ती म्हणते. दुकानातल्या रद्दीतून वाचायला शिकलेल्या बाईला हे बोलताना काय वाटत असेल?

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. रमजानच्या पानावर अशा गोष्टी छापून येतात, वाचकांना आवडतातही. पण नानीची थोरली मुलगी या गोष्टीत आली की तिची चव बदलते.

ही मुलगी वर्गात पहिली यायची. सातवी झाली आणि शाळा थांबली. पुढच्या शाळेत मुलं होती, घरच्यांना ते नको होतं. सासऱ्यांनी नाही म्हटलं, नवरा गप्प राहिला आणि नानीही गप्प राहिली. सतराव्या वर्षी मुलीचं लग्न झालं, ती भिवंडीला गेली, पॉवरलूमच्या खडखडाटात तिचा संसार झाला. कित्येक वर्षांनी एका रमजानमध्ये माहेरी आली असताना, इफ्तारची भजी तळता तळता, कुणावर न रागावता ती आईला म्हणाली, ‘अम्मी, तुझ्याकडे एवढी पुस्तकं होती. मला एक शाळा नाही देता आली?’

नानीकडे त्याचं उत्तर नव्हतं. आजही नाही. ‘मी वाचत होते ते माझ्यापुरतं. आठ माणसांच्या घरात मला एक कोपरा मिळाला होता. मुलीसाठी भांडले असते तर तोही जाईल, अशी भीती होती,’ असं ती आता म्हणते. वाचनाचं कौतुक करताना हा भाग सहसा गाळला जातो. वाचणारी माणसं शहाणी होतात, धीट होतात, असं गृहीत धरलं जातं. तसं होतंच असं नाही. पुस्तक माणसाला लपायलाही जागा देतं. नानी चाळीस वर्षं तिथे लपली होती, आणि हे तिनं स्वतःच ओळखलं, ही तिच्या वाचनाची मिळकत म्हणावी लागेल.

रमजानच्या महिन्यात या प्रश्नाला वेगळी धार येते. इस्लामी परंपरेनुसार कुरआनचं अवतरण याच महिन्यात सुरू झालं आणि त्यातला पहिला शब्द ‘इक्रा’ होता, म्हणजे वाच. मुस्लिम घरांत हे लहान पोरालाही माहीत असतं, व्यासपीठांवरून ते दरवर्षी सांगितलं जातं. त्या मानानं कमी सांगितली जाते ती शिफा बिन्त अब्दुल्ला यांची गोष्ट. त्या काळातल्या लिहितावाचता येणाऱ्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक. प्रेषितांच्या पत्नी हजरत हफसा यांना लिहायला त्यांनी शिकवलं. पुढे कुरआनची एकत्र केलेली लिखित प्रत याच हफसांच्या ताब्यात राहिली आणि खलिफा उस्मान यांच्या काळात तिच्यावरून प्रती तयार झाल्या. ज्या ग्रंथाची प्रत एका बाईनं जपली, तो मानणाऱ्या घरांत मुलीचं दप्तर सातवीत काढून घेतलं जातं. कुणी धर्माचं नाव घेऊन ते करत असेल, तर त्यानं आधी हा इतिहास वाचावा.

आणि याच महिन्यात बायकांना वाचायला वेळ किती मिळतो, हेही पाहावं. पुरुष तरावीहला जातात, तिथे महिन्याभरात पूर्ण कुरआन ऐकून होतो. बायका पहाटे तीनला उठून सहेरी रांधतात, दुपारपासून इफ्तारच्या तयारीला लागतात, रात्री भांडी घासतात. रोजा त्यांचाही असतो. नानीच्या सुनेला विचारलं, तर पारा पुरा करायला दिवसात वीस मिनिटं सलग मिळत नाहीत, असं ती सांगते. दस्तरखानावर पाच पदार्थांऐवजी दोन असले, तर कुणाचा रोजा मोडत नाही. आठवड्यातून दोनदा सहेरी घरातल्या पुरुषांनी केली, तर काय बिघडेल? नानीनं यंदा घरात हे बोलून दाखवलं. मुलगा हसला. पण पहिल्या शुक्रवारी पहाटे चहा त्यानंच टाकला. चहा फार गोड झाला होता.

हा प्रश्न एकट्या मुस्लिम घरांचा नाही, हे जव्हार-मोखाड्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. अलीकडची काही वर्षं शिमगा रमजानातच येतो. होळीच्या सुमारास पाड्यांवर गर्दी दिसते, कारण कामाला गेलेली माणसं सणापुरती परततात. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. लेकरं बरोबर जातात आणि त्यांचं शाळेचं वर्ष मधूनच तुटतं. नानीकडे रानभाज्या घेऊन येणारी वारली बाई तिच्याच वयाची आहे. पावसाळ्यात ती करटोली, कुर्डू, लोत आणते, आणि कुठली भाजी कशी उकळून पाणी टाकायचं, हे तीच नानीला शिकवते. वारली लग्नातली धवलेरीची गाणी तिला रात्रभर पुरतील इतकी पाठ आहेत. पण बँकेत तिला अंगठा लावावा लागतो, आणि अंगठा लावल्यावर कागदावर काय लिहिलं होतं, ते तिला दुसऱ्याला विचारावं लागतं. तिचा नातू यंदा भट्टीवर गेला तो अजून आलेला नाही. ‘माझ्या पोरीची शाळा रिवाजानं तोडली, तिच्या नातवाची पोटानं,’ नानी म्हणते. दोघी ओट्यावर बसून हे बोलतात तेव्हा त्यांच्यात फार अंतर उरत नाही.

मग करायचं काय? उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार-मोखाडा ज्या ठाणे जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानं 8 मार्च 2016 रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर लावून दुपारी शाळेत जाऊ लागल्या. पोथी दुसऱ्यानं वाचायची आणि आपण ऐकायची, यापेक्षा ती स्वतः वाचता यावी, ही त्यांची साधी इच्छा. त्यांची छायाचित्रं जगभर गेली. छायाचित्रांत गुलाबी साड्या भरतात. महत्त्वाचं हे, की गावानं त्यांच्यासाठी दुपारची वेळ मोकळी ठेवली. घरकाम आणि शेतकाम उरकल्यावरची वेळ निवडली, म्हणून बायका येऊ शकल्या.

दुसरं उदाहरण मोखाड्याहून त्र्यंबकच्या रस्त्यानं नाशिक ओलांडलं की लागतं. मुंबई-आग्रा महामार्गावर भीमाबाई जोंधळे यांचं पुस्तकांचं हॉटेल आहे. गिऱ्हाइकानं ऑर्डर दिली, की जेवण येईपर्यंत हाताला पुस्तक लागतं. स्वतःची शाळा लहानपणी सुटलेल्या या आजींनी थोड्या पुस्तकांनी सुरुवात केली, आता तिथे हजारो आहेत. आपल्याला जे मिळालं नाही ते येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही मिळावं, हा त्यांचा हिशेब. नानीनं त्यांच्याबद्दल मराठी पेपरात वाचलं तेव्हा ते कात्रण कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं.

सरकारी पातळीवर काहीच नाही, असंही नाही. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी ‘उल्लास’ नावाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. अब्दुल कलामांच्या जयंतीला, 15 ऑक्टोबरला, राज्यात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. पण त्या दिवशी फोटोत पोरं असतात आणि पाहुणे असतात. घरातल्या आजीला त्या दिवशी कुणी बोलावल्याचं ऐकिवात नाही. गावच्या वाचनालयात सकाळी पेपर वाचायला पुरुष बसलेले असतात, बाई दारातून पुस्तक बदलून परत जाते. दुपारी दोन ते चार एवढा वेळ बायकांसाठी राखून, तिथे एक सतरंजी आणि मोठ्या टाइपातली शंभर पुस्तकं ठेवायला किती खर्च येतो? ईदनंतर मदरशाच्या खोल्या दुपारी रिकाम्या असतात. मंदिराचे सभामंडपही असतात. नुसतं कुलूप उघडायचं आहे.

मोबाईलला शिव्या देणाऱ्या लेखांची या विषयात उणीव नाही, पण नानीचं मत वेगळं आहे. नातवानं फोनवर अक्षरं मोठी करून दिल्यापासून ती उर्दू अखबार त्यावरच वाचते. डोळ्याच्या डॉक्टरांना तिनं पहिला प्रश्न हाच विचारला होता, की फोनवर वाचता येईल ना. नातवंडांना ईदी मात्र ती अजून पुस्तकातूनच देते. नोट चाळिसाव्या पानाच्या आसपास ठेवलेली असते. पोरं पुस्तक उलटं धरून झटकायला लागली, तेव्हापासून ती नोट टाचणीनं पानाला अडकवते.

यंदा पुस्तकांच्या गठ्ठ्याबरोबर घरात आणखी एक कागद फिरतो आहे. नात बारावीला आहे. तिला नाशिकला नर्सिंगला जायचंय. होस्टेलवर राहावं लागेल. बाप म्हणतो, जव्हारला कॉलेज आहे, इथेच बीए कर. आई गप्प आहे. बरोबर तशीच, जशी नानी कधीकाळी होती. चौदाव्या रोज्याला इफ्तारनंतर सगळे दस्तरखानावर असतानाच नानीनं चष्मा लावला आणि माहितीपत्रक मोठ्यानं वाचायला घेतलं. फीचा आकडा, होस्टेलचे नियम, आईवडिलांनी भेटायला यायचे दिवस, सगळं. मुलगा मध्येच म्हणाला, ‘अम्मी, मला वाचता येतं.’ नानी म्हणाली, ‘मग वाचलं का नाहीस अजून?’

भिवंडीहून थोरल्या मुलीचा फोन आला, तेव्हा नानीनं तिलाही ते सगळं वाचून दाखवलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तिनं विचारलं, पहिल्या वर्षाची फी किती म्हणालीस, त्यातलं थोडं मी दिलं तर चालेल का. मुलानं अजून हो म्हटलेलं नाही. माहितीपत्रक सध्या नानीच्या उशीखाली आहे, परुळेकरांच्या पुस्तकात खूण म्हणून.