यानाची लांबी किती?

मागच्या महिन्यात चौथीच्या वर्गात मी एक चूक केली. ती आज तुमच्यापुढे कबूल करतो.

‘आवडत्या वाहनाचं चित्र काढा, मोजमाप लिहा’ असा गृहपाठ दिला होता. कुणी ट्रॅक्टर काढला, कुणी लालपरी. एकानं मात्र अंतराळयान काढलं. खाली लिहिलं होतं, ‘एंटरप्राइज. लांबी 540 फूट. लांबी 947 फूट.’ मी लाल फुली मारली. म्हटलं, “एका यानाच्या दोन लांब्या? ठोकून दिलंस ना?” तो मान खाली घालून म्हणाला, “न्हाई सर, दोन्ही खऱ्या हायत.” वर्ग हसला. मीही हसलो.

घरी गेल्यावर राहवेना. शोधलं, तर पोरगं बरोबर!

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका 1966 साली सुरू झाली. (आपली ‘कॅप्टन व्योम’ 1998 ची. आई-बाबांना विचारा, डोळे चमकतील!) तिच्यातलं एंटरप्राइज यान मॅट जेफ्रीज यांनी रेखाटलं. आधी ठरलं, लांबी 540 फूट आणि माणसं 203. पुढे माणसं झाली 430 आणि लांबी 947 फूट. चित्रीकरणाचं मोठं मॉडेल मात्र तेवढंच राहिलं, सुमारे 11 फुटांचं. ते आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

मग कागदावरच्या आकड्यानं काय फरक पडतो? दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. यान 540 फुटांचं धरलं, तर मॉडेलवरचा 1 इंच म्हणजे खरे 49 इंच. 947 धरलं, तर 86 इंच. आता समजा, मॉडेलवर 1 इंच उंचीचं दार आहे. पहिल्या हिशेबानं ते जेमतेम 4 फुटांचं. म्हणजे तुम्ही आत जाल, पण कॅप्टनला वाकावं लागेल! दुसऱ्या हिशेबानं दार 7 फुटांच्या वर.

मग टेप घेऊन सगळी फौज रस्त्यावर. शाळेच्या फाटकापासून 540 फूट, म्हणजे 165 मीटर, पिठाच्या गिरणीपाशी भरले. 947 फूट, म्हणजे 289 मीटर, थेट मारुतीच्या पारापर्यंत! पारावरचे आजोबा म्हणाले, “रस्ता रुंद व्हायलाय का काय?”

अशा गमती त्या मालिकेत आणखी आहेत बरं का. एंटरप्राइजमधल्या गॅलिलिओ या छोट्या यानाचा बाहेरचा सांगाडा ठेंगणा बनवला होता, पण आतल्या सेटवर नट ताठ उभे राहत! पुढच्या ‘डीप स्पेस नाईन’ मालिकेत 1994 साली डिफायंट नावाचं यान आलं. ते शेजारच्या यानांच्या मानानं कधी लहान दिसे, कधी मोठं. 1998 च्या माहितीपुस्तकात त्याची लांबी सुमारे 170 मीटर छापली, तरी चाहत्यांचे वाद काही मिटले नाहीत.

त्या मुलाच्या वहीतली फुली मी सगळ्यांसमोर खोडली, बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. त्यानं वही उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “सर, मग दारात माणूस केवढा काढू?”

मी पट्टी त्याच्या हातात दिली.