नाव ठसवले, ओळख पुसली

१/ धगधगत्या भट्टीत मीठ टाकले जाई. त्याची वाफ मातीतील सिलिकाशी संयोग पावून भांड्यावर काचेसारखी झिलई चढवी. त्या प्रखर उष्णतेतही कोबाल्टचा निळा रंग टिके. जुन्या अमेरिकी स्टोनवेअरची हीच ओळख.

२/ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या कोर्लिअर्स हुक येथे थॉमस कॉमरॉ अशा बरण्या घडवी. त्यांवर निळी झालरीसारखी नक्षी असे आणि त्याचे नाव ठसवलेले असे.

३/ संग्राहकांनी त्या बरण्या जपल्या. मात्र त्यांचा कर्ता गोराच असणार, हे गृहीत धरले. एकविसाव्या शतकात जनगणनेच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा कॉमरॉ हा गुलामीत जन्मून पुढे मुक्त झालेला कृष्णवर्णीय कारागीर होता, हे उघड झाले.

४/ पुरावा दडवलेला नव्हता. तो पाहण्याची गरजच कोणाला भासली नव्हती. म्हणून वस्तूच्या सौंदर्यापाशी थांबणारा इतिहास अपुराच म्हणावा लागेल. संग्रहालयातील पाटीवर झिलईइतकीच, ती चढवणाऱ्याचीही नोंद हवी. नाव ठसवणाऱ्याचीच ही गत, तर नाव न ठसवता घडवणाऱ्यांचा शोध भांड्यांइतकाच दप्तरांतही घ्यायला हवा.