माजा नंबर कोन्ता?

दिवाळीच्या आधी आमच्या ऑफिसात जाम राडा चालू होता. मुद्दा काय, तर क्लायंटच्या वेबसाइटवरच्या यादीतले बुलेट्स गोल हवेत की चौकोनी! डिझायनर म्हणे, चौकोन ‘क्लीन’ दिसतो. मॅनेजर म्हणे, गोल ‘फ्रेंडली’ वाटतो. दोन मीटिंगा झाल्या, कॉफीचे कप रिकामे झाले, निर्णय शून्य. शेवटी लॅपटॉप बॅगेत कोंबला आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसने भंडारा रोड गाठलं.

आमचं गाव लाखांदूर तालुक्यात. भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडईचा सीझन सुरू होतो. रात्री नाटकं आणि दिवसा धानाची कापणी. पण यंदा गावात एकच डायलॉग हिट होता, ‘यादीत नाव आला का?’ धान खरेदी केंद्रावर नोंदणी केलेल्यांची यादी लागली होती. ज्याचा जो नंबर, त्या क्रमाने मोजमाप. पाळी चुकली तर धान उघड्यावर, आणि वरून अवकाळी पावसाची भीती!

यादी आली होती मोबाइलवर, वाकडी स्कॅन केलेली. त्यात नाव सर्च करायची सोय नाही, दहा-बारा गावांची नावं एकमेकांत मिसळलेली. मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीन डोळ्यांपाशी नेत होते. “बाबू, पाय बरं, माजा नाव कुठं हाय?”

मी म्हटलं, टेन्शन नको! रोज वेबसाइट बनवणारा माणूस घरात असताना कसली चिंता? आपल्या गावची तेवढी ६३ नावं टाइप केली. बँक खातं आणि मोबाइल नंबर गाळायची अक्कल नशिबाने शाबूत होती. नावं यादीत ओतली आणि प्रत्येक नावापुढे बुलेट म्हणून धानाची छोटीशी लोंबी लावली. एकाआड एक ओळीला फिकट हिरवा पट्टा दिला. एकदम सही दिसत होतं! लिंक गावच्या ग्रुपवर टाकली आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

मोठेबाबांनी पाहिलं आणि म्हणाले, “लोंबी तं चांगली हाय बाबू. पन माजा नंबर कोन्ता?”

सुंदर दिसण्याच्या नादात मी यादीतला जीवच काढून टाकला होता. नंबर!

मंडळी, फंडा असा आहे. वेबपेज ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात, त्यात यादीचे तीन प्रकार असतात. पहिला ‘यूएल’, यात क्रमाला अर्थ नसतो. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर हे जिल्ह्याचे सात तालुके कसेही लिहा, काही बिघडत नाही. दुसरा ‘ओएल’, इथे क्रम हाच अर्थ. आधी परे, मग रोवणी, मग कापणी. उलटं करून दाखवा! तिसरा ‘डीएल’, म्हणजे शब्द आणि त्याचा खुलासा. उदाहरणार्थ ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मामाच्या गावचा तलाव नव्हे! गंमत म्हणजे टिम बर्नर्स-ली यांनी बनवलेलं जगातलं पहिलं वेबपेजही याच तिसऱ्या प्रकारच्या यादीत मांडलेलं होतं.

मी ‘यूएल’ वापरून मोकळा झालो होतो. लगेच त्याचं ‘ओएल’ केलं. सीएसएसमध्ये ‘लिस्ट-स्टाइल-टाइप’पुढे ‘देवनागरी’ एवढा एकच शब्द लिहिला की ब्राउझर आपोआप १, २, ३ मांडतो. आता मोठेबाबांच्या नावापुढे दिमाखात आलं, १९.

“एकोनीस? मंग मंगरवारीच नेतो ना धान!” मोठेबाबा खूश. संध्याकाळपर्यंत त्यांनी ट्रॅक्टरही सांगून ठेवला.

रात्री मंडईतल्या नाटकाला निघताना चुलतभावाने सहज मूळ यादी उघडली. मोठेबाबांचा नंबर होता २१४. माझ्या पोटात गोळा आला. मी फक्त आमच्या गावची नावं उचलली होती आणि ब्राउझरने ती इमानदारीत १ पासून मोजली होती. त्याची काय चूक? मंगळवारी मोठेबाबा ट्रॅक्टरचं भाडं भरून केंद्रावर गेले असते आणि तसेच परत आले असते. नुसते तेच नाही, ६३ घरं!

नाटक बुडालं. प्रत्येक ‘एलआय’ला ‘व्हॅल्यू’ देऊन खरा नंबर बसवत बसलो. ही ‘व्हॅल्यू’ एचटीएमएल ४ च्या काळात मोडीत काढली होती. दिसण्याचं काम सीएसएसचं, नंबर म्हणजे दिसणं, असा तेव्हाचा हिशोब. एचटीएमएल ५ मध्ये ती परत आली, कारण नंबर कधीकधी सजावट नसतो, माहिती असतो. हे मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. कळलं मात्र त्या रात्री.

तरी सकाळी चुलतीचा फोन, “बाबू, यांचा नंबर चौदा कसा?” आता काय? तर मोबाइलवर जागा वाचवायला मी यादीची डावी पॅडिंग शून्य केली होती. आकडे त्या मोकळ्या जागेतच उभे असतात. २१४ मधला २ स्क्रीनच्या बाहेर गेला होता!

खरं तर याद्यांना नटवायचं वेड जुनंच आहे. पूर्वी साइटचे मेनू टेबलं आणि चित्रं जोडून बनवायचे. २००२ मध्ये मार्क न्यूहाउस यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ मासिकात ‘टेमिंग लिस्ट्स’ हा लेख लिहिला. बुलेट काढा, ओळी आडव्या करा, की यादीचाच मेनू होतो, हे त्यांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी ‘सकरफिश’ ड्रॉपडाउन आले. आज तुम्ही ज्या मेनूवर क्लिक करता, त्यातले कित्येक आतून साध्या याद्याच असतात. म्हणजे रूप बदलायला काहीच हरकत नाही. फक्त आतला अर्थ जागेवर हवा.

तुम्हीही ऑफिसात पेज बनवत असाल, तर माझ्या ठेचा फुकटात घ्या.

१. आधी विचारा, क्रम बदलला तर अर्थ बदलतो का? ‘हो’ असेल तर ओएल, ‘नाही’ असेल तर यूएल.

२. मोठ्या यादीतला तुकडा दाखवताना नंबर ब्राउझरवर सोडू नका. ‘व्हॅल्यू’ द्या. आपोआप पडलेला नंबर ‘कंट्रोल एफ’ने सापडत नाही, म्हणून लोक नंबर शोधणार असतील तर तो मजकुरातच लिहा. नाव, गाव, नंबर, तारीख असे चार रकाने झाले की सरळ टेबल करा.

३. तीन-चार आकडी नंबर असतील तर डावीकडे तेवढी जागा सोडा आणि स्वस्तातल्या मोबाइलवर तपासा.

४. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने ओळी चिकटवल्या तर नावं एकमेकांत घुसतात. ओळींतलं अंतर वाढवा.

५. अंध माणसाला स्क्रीन रीडर आधीच सांगतो, ‘यादी, इतक्या नोंदी’. पण सफारीत ‘लिस्ट-स्टाइल: नन’ लिहून बुलेट उडवले, तर मेनूच्या ‘नॅव्ह’ टॅगमध्ये नसलेली यादी व्हॉइसओव्हर यादी म्हणून सांगत नाही. अशा वेळी ‘रोल’मध्ये ‘लिस्ट’ लिहा.

मोठेबाबांचा नंबर लागेपर्यंत मी पुण्यात परतलो होतो. फोन आला, “झाला बाबू माप.” एवढंच. पाऊस आला नव्हता, हे त्यांच्या आवाजावरून कळलं.

ऑफिसात गोल की चौकोनीची तिसरी मीटिंग लागलीच होती. मी विचारलं, “ही यादी कोण वाचणार आहे? आणि त्यात काय शोधणार आहे?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. क्लायंटला फोन लावला. तो म्हणाला, “अहो, त्या तर अर्ज भरायच्या पायऱ्या आहेत!”

बुलेट्स गेले. नंबर आले.