विश्लेषण : शर्यतीच्या घोड्याला एकापेक्षा जास्त स्कॅन कशासाठी?

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न कप शर्यतीतून २०२४ मध्ये जान ब्रूगल या प्रबळ दावेदार घोड्याला ऐनवेळी वगळण्यात आले. पायाच्या सीटी स्कॅनमध्ये पशुवैद्यकांना दुखापतीचा वाढीव धोका दिसला होता. घोडा ठणठणीत असल्याचे त्याच्या बाजूचे म्हणणे होते.

स्कॅनची सक्ती का आली?

२०२० च्या याच शर्यतीत अँथनी व्हॅन डाइक या २०१९ च्या एप्सम डर्बी विजेत्या घोड्याचा पाय मोडला आणि त्याला दयामरण द्यावे लागले. त्यानंतर २०२१ पासून रेसिंग व्हिक्टोरिया या नियामक संस्थेने परदेशी घोड्यांच्या पायांच्या तपासण्या कडक केल्या.

एका स्कॅनने का भागत नाही?

शर्यतीत हाड अचानक मोडल्यासारखे दिसते. पण अनेकदा सरावाच्या ताणाने ते आधीपासूनच कमकुवत होत आलेले असते. एक्स-रेमध्ये सांध्याची सपाट सावली मिळते, त्यात बारीक तडा लपू शकतो. सीटी हाडाचा थर न् थर दाखवते. एमआरआयमध्ये स्नायुबंध आणि हाडातील द्रव दिसतो. मात्र दिसलेला बदल जुना आहे की आजही वाढतो आहे, याचा अंदाज पेट स्कॅन देतो. त्यात टोचलेले किरणोत्सारी सोडियम फ्लोराइड हाडाची घडामोड वेगाने चालू असलेल्या जागी साचते. पेटची प्रतिमा सीटीवर बसवली, की नेमकी जागा आणि तिथली हालचाल एकत्र कळते.

भूल द्यावी लागते का?

पूर्ण भूल उतरताना उठण्याच्या धडपडीत घोडा पाय मोडून घेऊ शकतो. कॅलिफोर्नियातील सांता अनिता रेसकोर्सवर २०१९ मध्ये ३० हून अधिक घोडे दगावले. त्याच वर्षाअखेर तिथे, गुंगीचे औषध देऊन घोडा उभा असतानाच पेट स्कॅन करणारे यंत्र आले.

मग वाद कशाचा?

स्कॅन धोका दाखवतो, भविष्य सांगत नाही. जान ब्रूगलचे प्रशिक्षक एडन ओब्रायन यांनी निर्णयावर जाहीर टीका केली. जून २०२५ मध्ये याच घोड्याने एप्समला कोरोनेशन कप जिंकला. तरीही त्यामुळे आधीचा धोका खोटा ठरत नाही. हाड विश्रांतीने भरूनही येते. म्हणूनच शंका असताना ‘नाही’ कोण म्हणणार, हे यंत्रांइतकेच महत्त्वाचे. मेलबर्नमध्ये तो अधिकार मालकाकडे नाही, नियामकाकडे आहे.