इंजिन खोललं, तांडेलाच्या डोळ्यांचं काय?

१ जूनपासून बंदी सुरू आहे, ३१ जुलैपर्यंत बोटी किनाऱ्यालाच. कुणी इंजिन खोललंय, कुणाची रंगरंगोटी चालू आहे. पण सुकाणूवर बसणाऱ्या तांडेलाचे डोळे कुणी तपासले का? माझं मत विचाराल तर मालकाने हा खर्चही इंजिनाच्या खर्चातच धरावा.

माझे वडील तांडेल होते. म्हणायचे, हल्ली समोरच्या बोटीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. आम्ही म्हणायचो, वय झालं. तो मोतीबिंदू होता. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, उजेड पसरतो, रंग मळकट दिसतात. दिवसा कसंबसं भागतं. पण रात्री दिवा लाल की हिरवा हेच कळलं नाही, तर समोरची बोट कुठल्या बाजूने चालली आहे ते कसं ठरवणार? मांडवीच्या तोंडाशी एक होडी जेमतेम वाचली, तेव्हा कुठे ते डॉक्टरकडे गेले.

काचबिंदू त्याहून लबाड. बहुतेक वेळा तो दुखत नाही, समोरचं स्वच्छ दिसतं, कडेची नजर मात्र हळूहळू जाते. बगलेतून येणारी होडी दिसतच नाही. गेलेली नजर परत येत नाही, औषधाने उरलेली सांभाळता येते. आईवडिलांना किंवा भावंडांना असेल तर चाळिशीनंतर तपासणी टाळू नका.

साखर असलेल्यांनी नीट दिसत असलं तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. आणि ऊन-वाऱ्याने कोपऱ्यातून बुबुळावर मांस चढतं, ते आपल्यात बऱ्याच जणांना आहे. टोपी, काळा चष्मा वापरा. खलाशी हसतील, हसू देत.

आता "मोतीबिंदू पिकू दे" आणि "पावसाळ्यात ऑपरेशन नको" ही दोन वाक्यं मला जेटीवर रोज ऐकू येतात. दोन्ही जुन्या काळची. आताच्या पद्धतीत पिकायची वाट बघावी लागत नाही, ऋतूही आडवा येत नाही. उलट ऑपरेशननंतर काही आठवडे डोळ्याला पाणी-धूळ लागू द्यायची नसते. तेवढे दिवस घरी बसायला आपल्याला बंदीशिवाय कधी मिळणार?

बांबोळीला गोमेकॉत एकत्र जाऊया. बुधवारपर्यंत सोसायटीत नाव द्या, गाडीचं मी बघतो. तपासताना बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, काही तास धूसर दिसतं. तेव्हा स्कूटर घेऊन येऊ नका.